पंखाच्या कापडाला मारलेली गाठ

यशोदाबाई वेलकरांच्या देवघराशेजारी खिळ्याला एक कापडाची पट्टी बारा वर्षं लोंबत होती. हातभर लांब, चार बोटं रुंद, पिवळी पडलेली, आणि मधोमध एक गाठ. एकदा नव्या मोलकरणीने ती फडकं समजून ओढायला घेतली, तर बाई तिच्यावर अशा काही कडाडल्या की मोलकरणीने दुसऱ्या दिवसापासून जिनाच चढायचा सोडला.

ती गाठ कार्तवीर्याची होती. कानातला डूल हरवला, किल्ल्यांचा जुडगा सापडेना, की बायका कार्तवीर्याचं नाव घेऊन पदराला गाठ मारतात, तीच. वस्तू सापडली की गाठ सोडायची. सापडायच्या आधी सोडली तर हरवलेल्यावरचा आपला हक्क संपला. यशोदाबाईंचा डूल हरवला नव्हता. थोरला मुलगा कमलाकांत हरवला होता, आणि तोही आकाशात.

कमलाकांत कस्टममध्ये कारकून होता. आजा कारकून, बाप हेडक्लार्क, तेव्हा त्यानेही टेबलाशी बसून म्हातारं व्हायचं असं घरच्यांनी धरूनच ठेवलेलं. पण लढाई लागली आणि दक्षिणेत विमानांचा कारखाना निघाला. ह्याने वर्तमानपत्रात वाचलं आणि डोक्यात घेतलं. माळरानावर चार छपरं, बाजूला निलगिरीची झाडं आणि अमेरिकेहून आलेली खोकी, एवढाच तेव्हा तो कारखाना. खोकी उघडायची, आतले तुकडे जोडायचे, त्याचं विमान करायचं. पुढे सरकारने तो ताब्यात घेतला, मग अमेरिकन सोल्जर आले, आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत फुटलेली विमानं तिथे दुरुस्तीला येऊ लागली. कमलाकांत सांगायचा, आई, विमान येतं तेव्हा त्याला भोकं असतात, आणि बसायची जागा कोणीतरी नीट धुतलेली असते.

गेला होता तोही कारकून म्हणूनच. पण सहा महिन्यांत कळलं, की पठ्ठ्या कापडखात्यात जाऊन बसलाय. तेव्हा लहान विमानांच्या पंखांना लाकडाच्या फासळ्या असत आणि वरून कापड शिवलेलं. लांब सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. मग त्यावर एक औषध चोपडायचं, पिकलेल्या केळ्यासारखा उग्र वास येणारं. ते वाळलं की कापड मृदंगाच्या पुडीसारखं ताणून बसे, टिचकी मारली तर बोले.

"म्हणजे शिंपी झालास," यशोदाबाई म्हणाल्या होत्या. "वेलकरांच्या सात पिढ्यांत कोणी सदऱ्याचं बटण लावलं नाही, आणि तू दुनियेचे कपडे शीव."

"दुनियेचे नाही गं. विमानाचे."

"विमान काय उघडं फिरत होतं?"

हसून हसून त्याला ठसका लागला होता. उर्मिला आत पोळ्या लाटत होती, तीही हसली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा.

त्या कारखान्यात एक रीत होती. दुरुस्त झालेलं विमान पहिल्यांदा वर जाई तेव्हा पुढे वैमानिक बसे आणि मागच्या जागेवर टाके घालणारा. ज्याचा टाका त्याची फेरी. म्हणजे कोणी हात राखून शिवत नाही. चव्वेचाळीस सालच्या जानेवारीत एक विमान स्वच्छ उन्हात वर गेलं, मागे कमलाकांत बसला होता, आणि ते खाली आलंच नाही. कुठे पडलं नाही, धूर दिसला नाही, लाकडाची ढलपी मिळाली नाही. घरी तार आली. धाकट्या मनमोहनने ती वाचली आणि रडायला लागला.

"सापडत नाही, असंच लिहिलंय ना?" यशोदाबाईंनी विचारलं. "मेला, असं लिहिलंय का?"

"नाही."

"मग गळा काढू नकोस."

दिवाळीला आला होता तेव्हा पंखाच्या कापडाची एक पट्टी नमुना म्हणून त्याने घरी ठेवली होती. बाईंनी ती घेतली, कार्तवीर्याचं नाव घेतलं आणि कचकचून गाठ मारली.

बारा वर्षं झाली की हरवलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा देह करून अग्नी द्यायचा असतो. भटजी दोनदा आठवण करून गेले. मनमोहन आता पोर्ट ट्रस्टात नोकरीला लागलेला, दोन पोरांचा बाप, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. तोही म्हणाला, "आई, वहिनीचा तरी विचार कर. ना इकडची, ना तिकडची. बाईने जगायचं कसं?"

"कुंकू लावून," यशोदाबाई म्हणाल्या. "माझ्या घरात पानांची बाहुली जळणार नाही."

उर्मिला तशी बोलतच नसे. बारा वर्षांत सासूने तिला वाट्टेल ते ऐकवलं आणि तिने निमूट ऐकलं. आजारपणात मात्र सासूने तिच्या उशाशी बसून काढे पाजले आणि त्यातही बोलून घेतलं, की मेलीस तर तुझा नवरा मला विचारील, म्हणून पाजतेय.

छप्पन साल उजाडलं. जानेवारीत मुंबईचा निकाल कळला, महाराष्ट्राला नाही म्हणून, आणि गिरगाव पेटलं. ट्राम बंद, दुकानं बंद, गोळीबार, मग कर्फ्यू. कर्फ्यू लागायच्या जरा आधी एक माणूस बोचकं घेऊन जिना चढून आला. दत्ताराम, लालबागचा. बाप गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम. कमलाकांतबरोबर कापडखात्यात शेजारच्या स्टुलावर बसून शिवणारा. रजेवर आला होता.

"कापडखातं मोडलं, आई," तो म्हणाला. "आता सगळी पत्र्याची विमानं. आपल्या देशाची, आपण आखलेली, आपणच केलेली. जेट म्हणतात, तसली पण येणार. शिवणाऱ्याचं काय काम? आमचं छप्परच पाडलं. ह्या कमलाकांतच्या वस्तू खुंटीला होत्या, त्या घेऊन आलो."

बोचक्यात एक लांब सुई, चामड्याची अंगठी आणि मेणाचा खडा होता. उर्मिलेने मेणाचा खडा उचलून हुंगला आणि मुठीत ठेवला.

"इतकी वर्षं बरी खुंटी ठेवली," यशोदाबाई म्हणाल्या.

"खुंटीच काय, फळा पण ठेवला होता." दत्तारामने चहा बशीत ओतला. "विमान वर गेलं की फळ्यावर खडूने लिहायचं, उतरलं की पुसायचं. ती एक ओळ कोणी पुसली नाही. गोरे गेले, आपलं सरकार आलं, साहेब बदलले, नवीन पोरं आली. सगळी फळा वापरायची, पण तेवढी ओळ सोडून. गेल्या महिन्यात छप्पर पाडताना कंत्राटदाराच्या गड्याने फळा धुतला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक."

यशोदाबाईंच्या हातातली बशी थांबली. कारण गेला महिनाभर, दुपारची भांडी झाल्यावर जरा लवंडलं की त्यांना वर कुठेतरी घरघर ऐकू येत होती. लांब, समुद्राच्या बाजूला. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या बाईच्या कानात काहीही वाजतं, असं लोक म्हणणार, आणि लोकांनी आपल्याबद्दल काही म्हणावं ही संधी त्यांनी आयुष्यात कोणाला दिली नव्हती.

खाली पोलिसांचा भोंगा फिरला. दत्तारामला लालबागला जाता येईना. तो पुढच्या खोलीत राहिला.

कर्फ्यूची पहिली दुपार. गिरगावात कधी अशी शांतता कोणी ऐकली नव्हती. ट्रामची घंटा नाही, फेरीवाला नाही, शाळेची पोरं नाहीत. गॅलरीतल्या दोरीवर कोणाचं तरी धोतर हलत होतं, त्याचा आवाज ऐकू येत होता. आणि मग ती घरघर आली. आज समुद्रावरून नव्हे. ठाकूरद्वाराच्या बाजूने आली, चाळीवरून गेली, वळली, पुन्हा आली.

"पोलिसांचं विमान असेल," मनमोहन गॅलरीतून वर बघत म्हणाला. "भाषिक राज्य मागितलं तर विमानं फिरवतात डोक्यावर."

"दिसतंय का तुला?"

"ढगात असेल."

आकाशात ढगाचा तुकडा नव्हता.

शेजारपाजारची माणसंही गॅलऱ्यांत आली, माना वर करून बघू लागली. एका बाईने खाली बोट दाखवलं. मोकळ्या रस्त्यावर, उन्हात, एक सावली चालली होती. दोन पंख, मध्ये लांबोडं अंग. समोरच्या भिंतीवर चढली, खिडक्यांवरून घसरली, पुढे गेली. वर काहीच नव्हतं. जिच्या दारावरून सावली गेली त्या म्हातारीने झटकन दार लावून घेतलं. आणि पाठोपाठ साऱ्या मजल्यावर पिकलेल्या केळ्याचा वास पसरला.

दत्ताराम पांढराफटक पडला होता. "हे औषध आता कुठे मिळतसुद्धा नाही," तो म्हणाला.

यशोदाबाई आत गेल्या. खिळ्यावरची पट्टी लोंबत नव्हती. खालून कोणी ओढून धरावी तशी ताठ उभी ताणली होती. बाईंनी तिला टिचकी मारली. पट्टी बोलली.

त्या देवासमोर बसल्या, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. येतोय. फळा पुसला, तिकडचं सुटलं, आता इकडे येतोय. मी बांधून ठेवलाय, जाईल कुठे? त्यांनी त्या संध्याकाळी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या डाळीचं पुरण घातलं. मनमोहन म्हणाला, बाहेर माणसं मेलीत आणि तू पुरणपोळ्या करतेस? त्या म्हणाल्या, तुला नको असेल तर जेवू नकोस, तुझ्यासाठी नाहीत.

दुसऱ्या दुपारी आवाज आणखी खाली आला. मांडणीवरची भांडी थरथरली. सावली मोठी झाली होती आणि आता ती रस्त्यावरून सरळ जात नव्हती, चाळीभोवती फिरत होती. दत्ताराम कान देऊन ऐकत होता.

"कापड फडफडतंय," तो म्हणाला. "एक टाका गेलाय कुठेतरी. असं झालं की उतरावं लागतं, आई. उतरून टाका घालायचा, मग पुन्हा वर."

"मग उतरू दे."

"आणि पुन्हा वर," दत्ताराम म्हणाला. तो बाईंकडे बघत नव्हता.

यशोदाबाईंनी त्याच्या नजरेमागे पाहिलं. उर्मिला गॅलरीत उभी होती. तिने पेटीतला लग्नातला शालू काढून नेसला होता. इतक्या वर्षांच्या घड्या त्याच्यावर आडव्या उभ्या उमटल्या होत्या. सावली फिरत आली, चाळीवर चढली, आणि सगळ्या गॅलऱ्या सोडून हिच्या अंगावर येऊन जराशी थबकली. ती गेल्यावर उर्मिलेच्या ओठांना रंग नव्हता. मान मात्र वरच.

"आत ये," यशोदाबाई म्हणाल्या. "सोंग कसलं काढलंयस?"

"येतेय," उर्मिला म्हणाली, पण सासूला म्हणाली असं वाटलं नाही.

बाईंनी तिचा दंड धरून तिला आत ओढलं. दंड बर्फासारखा. तिला खाटेवर निजवून पांघरूण घातलं आणि त्या दत्तारामसमोर येऊन बसल्या.

"काय ते तोंड उघडून सांग. माझ्याशी आडून बोलायचं नाही."

"त्या दिवाळीला कमलाकांत घरी आला होता ना, आई, तेव्हा पंखाच्या कापडाच्या दोन पट्ट्या जोडायला आणल्या होत्या. वहिनीला शिकवलं त्याने. तिने वावभर, चांगली चार हात, शिवण घातली. परत आला तर आम्हांला दाखवत फिरला, बघा म्हणे, माझ्या बायकोचा हात. आणि तीच पट्टी त्याने त्या विमानाच्या पंखाला चढवली."

"बरं, मग?"

"ज्याचा टाका त्याची फेरी," दत्ताराम म्हणाला. "एक टाकेवाला बसला तेव्हा. एक राहिला."

यशोदाबाई म्हणाल्या, "वेड लागलंय तुला. केळ्याचा वास डोक्यात गेला तुझ्या." पण त्या उठून उर्मिलेच्या खाटेपाशी गेल्या आणि ती झोपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. तिची मूठ त्यांनी उघडून पाहिली. मेणाचा खडा तिने दाबून दाबून चपटा केला होता आणि तिच्या बोटांच्या टोकांना सुई टोचल्याचे ताजे डाग होते. घरात त्या दिवशी कोणी काही शिवलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी बाईंनी कडी लावली, कडीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. देवघरापाशी जाऊन बसल्या. पट्टी ताणून इतकी ताठ झाली होती की तिचा एक बारीक सूर लागला होता, डासाच्या आवाजासारखा. त्या सुरातून हळूहळू मोठा आवाज फुटला, चाळीच्या अगदी डोक्यावर. आणि त्या आवाजात एक शीळ होती. कमलाकांत जिना चढताना घालायचा ती. तीन पायऱ्यांना एक. बाईंनी डोळे मिटले. एक फेरी, आणखी एक फेरी, की आला. काय होईल ते होवो. आईने मुलाला घरी येऊ द्यायचं नाही तर कोणी येऊ द्यायचं?

"आई, वहिनी कुठे आहे?" मनमोहनने विचारलं.

खाट रिकामी होती. कुलूप तसंच, किल्ली कनवटीला तशीच. दत्ताराम दारात उभा, तो शपथेवर सांगत होता की दारातून कोणी गेलं नाही.

यशोदाबाईंनी पट्टी खिळ्यावरून उपटली, दार उघडलं आणि जिना चढायला लागल्या. गुडघ्यांना वर्षानुवर्षं गच्ची ठाऊक नव्हती. मनमोहन मागून हात द्यायला आला, त्याला त्यांनी झिडकारलं.

गच्चीवर ऊन होतं, आणि सबंध गच्चीभर सावली. पंखांची टोकं दोन्हीकडच्या कठड्यांबाहेर गेलेली. सावली हलत नव्हती. कावळे शेजारच्या कौलांवर गप्प बसले होते. उर्मिला शालू नेसून कठड्यावर उभी होती, एक पाय कठड्यावर आणि दुसरा उचललेला, माणूस गाडीत चढताना पायरीवर ठेवतो तसा. तिच्या पायाखाली चार मजले होते आणि खाली कर्फ्यूचा रिकामा रस्ता.

"उर्मिले."

ती वळली नाही. तिने हात पुढे केला, कोणाच्या तरी हातात द्यावा तसा.

यशोदाबाईंनी तिथेच बसकण मारली आणि गाठीला हात घातला. औषधाने कडक झालेलं कापड, बारा वर्षांची गाठ; नखं वाकली, पण गाठ ढिली होईना. मग त्यांनी ती दातात धरली. तोंडभर तो वास गेला. वर शीळ चालूच होती, आता अगदी कानाशी, लाडिक, जेवायला काय केलंयस विचारतानाची. बाई दातांनी ओढत होत्या आणि तोंडातल्या तोंडात बोलत होत्या, "जा. जा बाबा. मी नाही धरत आता. तिला ठेव. जा."

दाढ निखळली. गाठ सुटली.

पट्टी त्यांच्या हातात फडक्यासारखी मऊ झाली. सावली गच्चीवरून उचलली गेली, लहान होत होत चौपाटीकडे गेली, आणि आवाज समुद्रावर कुठेतरी विरून गेला. कौलांवरचे कावळे एकदम ओरडायला लागले. मनमोहनने धावत जाऊन उर्मिलेला कठड्यावरून खाली घेतलं.

सासूच्या तोंडातून रक्त येत होतं. सून तिच्यासमोर बसली. पदराने तिचं तोंड पुसायला लागली, नेहमीप्रमाणे, हळूच. बाईंना वाटलं, आता ही रडेल, पाया पडेल. काहीतरी चार शब्द ऐकवून तिला गप्प करायचं त्यांनी मनात ठरवलंसुद्धा.

"मला विचारलं का नाही?" उर्मिला म्हणाली.

"काय विचारायचं? पडली असतीस."

"बारा वर्षं तुम्ही धरून ठेवलं, तेव्हा विचारलं नाही. आज सोडलं, तेव्हाही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. ती पुसत होती. "हे पुढे बसले होते, आई. दुसरं कोणी नव्हतं. मागची जागा रिकामी होती. माझ्यासाठी त्यांनी गादी झटकून ठेवली होती."

यशोदाबाईंनी मऊ झालेली पट्टी उचलली आणि तिची घडी घातली.

"चला खाली," उर्मिला म्हणाली आणि तिने सासूच्या काखेत हात घालून तिला उठवलं. "मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. सुजेल नाहीतर."